ठेकेदाराने रोज बुडवला तर काय करायचं: मुकादमाच्या मागे फिरण्याआधी हे वाचा

मे महिन्यात मुंबईत नालेसफाई जोरात असते, रस्त्याचं काँक्रीट पावसाआधी उरकायची घाई असते आणि सकाळी सकाळी नाक्यावरून माणसं टेम्पोत भरून नेतात. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की काम बंद आणि मुकादमाचा फोन पण बंद. दरवर्षीचंच आहे हे. मी चार वर्षं एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होतो, म्हणजे साइटवरची हजेरी मीच लिहायचो, आणि तीच हजेरी नंतर ऑफिसातल्या दुसऱ्या रजिस्टरात कशी वेगळीच उतरते तेही बघितलंय. त्यामुळे हे जे लिहितोय ते दोन्ही बाजू बघून लिहितोय असं समजा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. काम महापालिकेचं, रेल्वेचं, पीडब्ल्यूडीचं, कुठल्याही सरकारी खात्याचं असेल तर तुमच्या पगाराला जबाबदार एकटा ठेकेदार नसतो. ज्याचं काम आहे ते खातं म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयर. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये सरळ लिहिलं होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर प्रिन्सिपल एम्प्लॉयरने तो द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. पगार वाटताना खात्याचा माणूस हजर पाहिजे अशी पण अट होती (मी चार वर्षांत असा माणूस दोनदा बघितला, तोही चहा पिऊन गेला). २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार नवीन लेबर कोड आले, त्यातही ही जबाबदारी तशीच ठेवलीय. म्हणून मुकादमाला दिवसाला दहा फोन करण्यापेक्षा साहेबाच्या टेबलावर एक कागद ठेवा, त्याचा जास्त उपयोग होतो.

कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी

भांडण झाल्यावर पुरावा गोळा करायला गेलं की काही हाताला लागत नाही, गेटवरचा सिक्युरिटी पण ओळख दाखवत नाही. म्हणून हे आधीच करायचं.

सरकारी कामाच्या ठिकाणी बोर्ड लावलेला असतो, कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कधी कधी रक्कम आणि मुदत. त्याचा फोटो काढा, आणि शक्यतो तुम्ही स्वतः त्यात दिसाल असा काढा. आमच्या गल्लीतल्या एकाचं असंच झालं, नालेसफाईला २३ दिवस गेला, पैसे मिळाले ९ दिवसांचे, मुकादम म्हणतो हा माणूस आमच्याकडे नव्हताच. त्याच्याकडे ना कार्ड ना स्लिप. पण बायकोला पाठवायला म्हणून गमबूट घालून, मागे पोकलेन आणि बोर्ड येईल असा एक सेल्फी काढलेला होता आणि व्हॉट्सअॅपवर तारखेसकट पडून होता. त्याच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

दुसरं म्हणजे वही. पोराची जुनी वही चालेल. तारीख, किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो, कुठे, सोबत कोण होतं, उचल किती घेतली. खाडा झाला तर खाडा पण लिहायचा, कारण सगळे तीस दिवस भरलेली वही बघितली की कुठलाही अधिकारी हसतो. उचल लपवू नका, ती समोरच्याकडे अंगठ्यासकट लिहिलेली असते.

मुकादमाच्या वर कोण आहे ते शोधा. बऱ्याच वेळा बोर्डवरचा ठेकेदार वेगळा, त्याने काम पेटी कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे खालच्या छोट्या ठेकेदाराला दिलेलं, त्याने मुकादमाला, आणि तुम्ही चौथ्या पायरीवर. तुमचा अर्ज जाणार बोर्डवरच्या नावाने, मुकादमाच्या नावाने नाही.

आणि एटीएम कार्ड कुणाला देऊ नका. कागदावर बँकेत पूर्ण पगार आणि कार्ड मुकादमाच्या खिशात, तो काढणार पाच हजार आणि तुमच्या हातावर ठेवणार तीन, हे मुंबईत नवीन नाही. पिन सांगितला तर नंतर सिद्ध काय करणार.

तुमचा हक्क नेमका किती

मिनिमम वेज महाराष्ट्रात सगळ्या कामाला एकच नसतो. बांधकामाचा वेगळा, महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या कामाचा वेगळा, त्यातही अकुशल, अर्धकुशल, कुशल असे भाग आणि वर विशेष भत्ता, जो जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो. मुकादम सांगेल तो नाक्याचा भाव, कायद्याचा नाही. चालू दर कामगार आयुक्तांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतात, पोराला सांगा काढून द्यायला.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. रोजावर असाल तर शिफ्ट संपल्यावर. कामावरून काढलं किंवा तुम्हीच सोडलं तर दोन वर्किंग डेच्या आत हिशोब. ओव्हरटाइम डबल. पगाराची स्लिप मागायचा हक्क आहे. बाईमाणूस म्हणून त्याच कामाला शंभर रुपये कमी, हे तर उघड बेकायदेशीर आहे पण आपल्याकडे ते इतकं मुरलंय की मावशी लोक स्वतःच म्हणतात, आमचा रोज कमीच असतो ना.

मुकादमाच्या कटबद्दल एक जुनी केस सांगतो. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडची स्टेडियमं बांधत होते तेव्हा मजुरांचा रोज होता ९ रुपये २५ पैसे, त्यातला १ रुपया जमादार कापून घ्यायचे आणि मजुराला मिळायचे सव्वाआठ. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी निकाल दिला, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारी, आणि काम ठेकेदाराला दिलंय म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. चाळीस वर्षं होऊन गेली, रुपयाचे शंभर झालेत, कट चालूच आहे.

पीएफ: २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू, आणि ती ठेकेदाराची सगळीकडची माणसं धरून, फक्त तुमच्या साइटवरची नाही. तुमचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. मालकाचे पण तुमच्याच रोजातून कापतात, हे चालत नाही. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर मागा आणि सरकारच्या उमंग अॅपवर पासबुक बघा, कापलं आणि भरलंच नाही हे तिथे लगेच दिसतं. ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा, १० माणसांपासून आणि २१ हजारांपर्यंत पगार असेल तर, तुमच्याकडून फक्त पाऊण टक्का कापायचा.

गटार, मॅनहोल. आत उतरायला सांगितलं तर नाही म्हणा, भाऊ. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे, मग सांगणारा ठेकेदार असो की साहेब. आत मेलेल्यांच्या घरच्यांना ३० लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं, आधी ते १० लाख होते. पाचशे रुपये जास्त देतो म्हणणारा वरच उभा राहतो.

पैसे अडकले, आता अर्ज

वकील लागत नाही. साध्या कागदावर, एका पानात. सगळी रडकथा लिहू नका, हिशोब लिहा. असा:

प्रति, मा. सहायक आयुक्त, (तुमचा) विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका.
विषय: (बोर्डवरचं कामाचं नाव) या कामावरील थकीत मजुरीबाबत.
मी वरील कामावर ठेकेदार (बोर्डवरचं नाव) यांच्यामार्फत या तारखेपासून या तारखेपर्यंत एकूण २३ दिवस काम केले. ९ दिवसांची मजुरी मिळाली, १४ दिवसांची बाकी आहे. प्रिन्सिपल एम्प्लॉयर म्हणून आपण ही रक्कम मला द्यावी व ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावी. तोपर्यंत ठेकेदाराचे अंतिम बिल व डिपॉझिट सोडू नये, ही विनंती.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ठेकेदार तुम्हाला घाबरत नाही, लेबर ऑफिसलाही फारसा नाही, पण बिल अडकलं की रात्री झोपत नाही. हे मी त्याच्याच ऑफिसात बसून बघितलंय.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक खिडकीवर एक द्यायची, दुसऱ्यावर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर. तिथे काय होतं ते पण सांगतो. तुम्ही म्हणणार, साहेब, पोच द्या. तो म्हणणार, आधी वर इंजिनिअर साहेबांना दाखवून ये. वर गेलं की साहेब साइटवर. मग जेवणाची सुट्टी. तेव्हा वर जायचंच नाही, शांतपणे म्हणायचं, साहेब तुम्ही फक्त इनवर्ड करा, दाखवायचं मी नंतर बघतो. अगदीच नाही घेतलं तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह पोस्टाने पाठवा, ती पावती पण पोचच आहे. एकट्याने न जाता सात-आठ जणांनी सह्या करून अर्ज दिला तर अजून बरं, एकाला "हा दारू पिऊन यायचा" म्हणता येतं, आठ जणांना म्हणता येत नाही.

उत्तर नाही आलं तर

पंधरा दिवस बघा, मग लेबर ऑफिस. महापालिकेचं किंवा राज्य सरकारचं काम असेल तर कामगार भवन, बीकेसी, वांद्रे पूर्व. रेल्वे, पोर्ट अशा केंद्राच्या कामाचं असेल तर सायनचं श्रमरक्षा भवन. चुकीच्या ठिकाणी गेलात तर दोन महिन्यांनी सांगतात हे आमच्याकडे येत नाही, म्हणून हे आधी बघा. पीएफची तक्रार वेगळी, ती वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात, आणि तिथे पण ठेकेदारासोबत खात्याचं नाव टाका, कारण ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला जाईल हे बघायची जबाबदारी खात्यावर पण आहे.

नवीन वेज कोडमध्ये (चार कोडपैकी पगाराचा) क्लेम टाकायला तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी मिनिमम वेजसाठी सहाच महिने होते. म्हणून तीन वर्षं थांबू नका, साक्षीदार गावाला निघून जातात. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई अधिकारी लावू शकतो, लावतोच असं नाही. आणि कामाची गोष्ट, पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. तुम्ही तिथे होता एवढं दाखवा, बाकी रजिस्टर त्याने आणायचं. म्हणून तर तो सेल्फी.

हजेरीचं रजिस्टर, ठेकेदाराला बिल कधी मिळालं, पीएफची चलनं जोडली होती का, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. नुसता अर्ज गेला तरी कधी कधी पैसे येतात.

बाई असाल, एससी-एसटी असाल किंवा औद्योगिक कामगार असाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न देता. १५१०० ला फोन लावा.

दोन गैरसमज

"माणसं ५० पेक्षा कमी आहेत, कायदा लागू नाही." कंत्राटी कामगारांच्या तरतुदींना महाराष्ट्रात ५० ची अट आहे हे खरं, पण मिनिमम वेजला आणि पगार वेळेवर देण्याला माणसांची अटच नाही. पूर्वी ही अट २० ची होती तेव्हा मुंबईत कचरा उचलण्याची कामं १८-१८ माणसांच्या तुकड्या करून दिली जायची, आणि कामगारांना कागदावर स्वयंसेवक म्हणायचे. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही कामगारांची संघटना हे घेऊन वर्षानुवर्षं लढली आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात २,७०० सफाई कामगार पालिकेचे कायम कामगार ठरले.

"२४० दिवस भरले की परमनंट." सरकारी ठिकाणी असं आपोआप होत नाही, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर तर अजिबात नाही. त्या २,७०० जणांना पण दिवस मोजून नाही, ठेका फक्त कागदावरचा आहे हे संघटनेने सिद्ध केल्यावर मिळालं. तुम्हाला कोणी परमनंट करून देतो म्हणून माणशी पैसे मागत असेल तर त्याला गल्लीच्या बाहेर सोडून या.

बांधकामावर असाल तर अजून एक. वर्षात ९० दिवस बांधकाम केलेल्या १८ ते ६० वयाच्या माणसाला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस त्यासाठीच घेतात. एजंट हजार-दोन हजार मागतात, देऊ नका.

तडजोडीला बोलावलं की

लेबर ऑफिसची तारीख लागली की बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस आदल्या दिवशीच घरी येतो. कालपर्यंत "ए" म्हणणारा आता "दादा" म्हणतो. पैसे घ्यायला हरकत नाही, पण कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या व्हाउचरवर अंगठा नाही. पावतीवर लिहून घ्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, किती दिवसांचे, किती रुपये. "फुल अँड फायनल" लिहिलेलं असेल आणि पैसे अर्धेच असतील तर त्या शब्दांवर काट मारायला लावा, नाहीतर सही करू नका. आमच्या गल्लीतल्याला १४ दिवसांपैकी आधी १० दिवसांचे देऊ केले होते. त्याने ते घेतले, पावतीवर "पैकी १० दिवस, ४ दिवस बाकी" असं पोराच्या हाताने लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामगार भवनात तारखेला गेलाच. उरलेले चार दिवस तिथेच मिळाले, रोख, साहेबाच्या समोर मोजून.