आरोग्य मोहिमा आणि मेडिकल कॉन्फरन्स कव्हर करायला जाताय? आधी हे वाचून घ्या

हेल्थ बीटवर नवीन आलेल्या मुलामुलींना पहिलं काम मिळतं ते कुठल्यातरी मोहिमेच्या उद्घाटनाचं. सिव्हिलचं आवार, दीपप्रज्वलन, गुलाबाचं फूल, मान्यवरांची भाषणं, मग प्रेसनोट आणि चहा-बिस्कीट. प्रेसनोट टाईप केली की बातमी झाली असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर डेस्कलाही तेवढंच हवं असतं. पण मोहीम स्टेजवर नसतेच हो, ती त्यानंतर आठवडाभर कुणाच्या तरी दारात असते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की उद्घाटनाला जा, पण तिथून भाषणं आणू नका, कामाचं सामान आणा. म्हणजे उद्दिष्ट किती आणि ते कुठल्या यादीवरून काढलं, मायक्रोप्लॅनमध्ये (म्हणजे मोहिमेच्या बारीक आराखड्यात) तुमच्या भागात कुठल्या दिवशी कुठली टीम आहे, आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरचा नंबर. साहेबांचा नको, साहेबांचा सगळ्यांकडे असतो.

आता पोलिओचंच बघा, कारण सगळ्यांना वाटतं त्यात काय नवीन. पल्स पोलिओ १९९५ पासून चालू आहे, देशातला शेवटचा वाइल्ड पोलिओचा (म्हणजे लसीतून न आलेल्या, निसर्गातल्या विषाणूचा) पेशंट जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त म्हणून सर्टिफिकेट मिळालं. त्यामुळे रविवारी बूथवर मंत्र्यांनी बाळाला दोन थेंब पाजले हा फोटो दरवर्षी तोच असतो, फक्त बाळ बदलतं. तुम्ही सोमवारी जा. सोमवारपासून टीम घरोघरी फिरते आणि दारावर खडूने खूण करते, पी म्हणजे त्या घरातली पाच वर्षांखालची सगळी मुलं झाली, एक्स म्हणजे कुणीतरी राहिलंय किंवा घर बंद होतं. एका गल्लीतून नुसतं चालत गेलात तरी मोहीम कशी चाललीय ते दिसतं, कुणाला विचारायचीही गरज नाही. मग पी लिहिलेल्या घरात डोकावून मुलाच्या डाव्या हाताची करंगळी बघा, नखावर मार्करची शाई आहे का. पी आहे आणि शाई नाही, तर का नाही हे विचारायला तुमच्याकडे प्रश्न तयार. आणि एक्सवाल्या घरी टीम परत आली का हे बघायला दोन दिवसांनी पुन्हा त्याच गल्लीत जायचं, हे जाणं महत्त्वाचं.

लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल असतो आणि त्यात चौकोन, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला की लस चालते, तेवढाच किंवा जास्त गडद झाला की फेकायची, म्हणजे बाटलीला गरम लागलंय. हे एवढं माहीत असलं तरी उन्हातल्या बूथवर तुम्ही नुसते उभे राहून दहा मिनिटांत बरंच काही समजू शकता. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात एका बूथवर १२ मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, सुदैवाने मुलं वाचली. त्या दिवशी राज्यभर किती उद्घाटनं झाली ते आज कुणाच्या लक्षात नाही, ही बातमी मात्र आहे.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम मात्र माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त शिकवणारी. विदर्भात ज्यांचं पोस्टिंग आहे त्यांनी तर हे पाठच करा. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या, काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिन, आणि गोळी वाटायची नाही, समोर गिळायला लावायची असा नियम आहे. उपाशीपोटी द्यायची नाही, दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांना द्यायची. आता प्रत्यक्षात काय होतं, आशाताई सकाळी गेली की माणूस म्हणतो अजून जेवलो नाही, ठेवून जा, रात्री खातो. ती ठेवून जाते, टॅली शीटवर एक काडी वाढते, आणि गोळी फ्रिजवर पडून राहते. संध्याकाळी तालुक्यातून आकडा येतो ९० टक्के. तुम्ही काय विचारायचं? वाटप ९० की गिळलेल्या ९०? हा एक प्रश्न प्रेस कॉन्फरन्समध्ये विचारून बघा, हॉल कसा शांत होतो ते.

आणि दुसरं, या गोळ्यांनी काही लोकांना ताप येतो, डोकं दुखतं, चक्कर येते, उलटी होते. मुख्यतः ज्यांच्या रक्तात जंतू आहेत त्यांनाच हा त्रास होतो, कारण जंतू मरतात म्हणून रिअॅक्शन येते, आणि ती एक-दोन दिवसांत जाते. हे मोहिमेच्या आधी छापा. आधी! नंतर छापलं तर ती सारवासारव वाटते, कारण तोपर्यंत शाळेतली चार पोरं चक्कर येऊन बसलेली असतात, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरलेला असतो आणि पुढच्या गावात टीमला दारातूनच परत पाठवलेलं असतं. जमलं तर रात्रीच्या सर्व्हेलाही जा. या रोगाचे जंतू रक्तात रात्रीच जास्त सापडतात म्हणून टीम रात्री साडेआठनंतर टॉर्च घेऊन बोट टोचायला फिरते, कुत्री भुंकतात, लोक झोपेतून उठून चिडतात, आणि तरी त्या माणसांना काचपट्टीवर थेंब घ्यायचाच असतो. असली स्टोरी तुम्हाला कुठल्या प्रेसनोटमध्ये मिळणार नाही.

लस घेतल्यावर मूल आजारी पडलं किंवा वाईट काही झालं, तर ती बातमी सगळ्यात अवघड. फोन येतो, आईबाप रडत असतात, गाव तापलेलं असतं आणि डेस्कला दहा मिनिटांत हेडिंग हवं असतं. तेव्हा एवढंच विचारा: त्याच बाटलीतून अजून किती मुलांना लस दिली आणि ती कशी आहेत? बाटली कधी उघडली? गोवरची लस पावडर असते, ती पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, तो नियम मोडला की त्यात जंतू वाढतात आणि त्यातून मुलं दगावू शकतात. जिल्ह्याची एईएफआय समिती (लसीकरणानंतरच्या त्रासाची चौकशी करणारी) कधी बसणार? पोस्टमॉर्टेम झालं का? ही उत्तरं येईपर्यंत लस दिली, नंतर असं झालं, चौकशी चालू आहे, एवढंच लिहायचं. डॉक्टर हेच म्हणतात म्हणून त्यांची बाजू घेतोय असं वाटून घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवरने मुलं गेली, तेव्हा ज्यांचे डोस राहिलेले होते अशी कितीतरी मुलं त्या वस्त्यांमध्ये सापडली. लसीबद्दल चुकीचं हेडिंग दिलं की त्याचे परिणाम असे नंतर दिसतात. उलट चौकशीत खरंच निष्काळजीपणा निघाला तर पहिल्या पानावर लावा, तेव्हा अजिबात दबकू नका.

साथीच्या बातम्यांत रोगाला नाव द्यायची घाई करू नका. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं, आणि बघता बघता टक्कल व्हायरस असं नाव पडलंसुद्धा, व्हायरस कुठेच सापडलेला नसताना. आधी पाण्यातल्या नायट्रेटवर संशय, मग बुरशी, मग आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) टीम आल्या, आणि पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. हा सगळा प्रवास लिहिता येतो की, संशय आहे तिथे संशय लिहून. त्याच महिन्यात पुण्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आलं, तिथे रोजच्या प्रेसनोटमध्ये संशयित आणि निदान झालेले असे दोन आकडे वेगळे यायचे आणि अर्ध्या बातम्यांत फक्त मोठा आकडा यायचा.

शिबिरं. मोफत आरोग्य शिबिर म्हटलं की हेडिंग ठरलेलं असतं, शिबिरात इतक्या टक्के लोकांना डायबेटिस आढळला. अहो, शिबिराला कोण येतं? ज्याला शंका आहे तो येतो, ज्याच्या घरात कुणाला आहे तो येतो, आणि ज्याला आधीपासून आहे तोही फुकट तपासायला येतो. ती टक्केवारी गावाची नव्हे, रांगेची असते. शिवाय चहा पिऊन, उन्हातून चालत येऊन एकदा मोजलेलं बीपी १४० च्या वर गेलं म्हणून कुणी बीपीचा पेशंट होत नाही, परत मोजावं लागतं. रँडम शुगरचंही तसंच, निदानाला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.५ असे आकडे आहेत आणि तेही सहसा दुसऱ्यांदा बघून. हिमोग्लोबिनला बोट पिळून पिळून रक्त काढलं तर आकडा कमी येऊ शकतो, त्यामुळे सिस्टर बोट कसं टोचतात ते बघा. शिबिराचा खरा प्रश्न महिन्याने विचारायचा असतो: ज्यांना रेफर केलं त्यातले किती जण मोठ्या हॉस्पिटलला पोचले? मोतीबिंदूच्या यादीतल्या आजीचं ऑपरेशन झालं का? मला तर आता आयोजकांचे चेहरे बघूनच कळतं की रजिस्टर ठेवलंय का नाही.

मेडिकल कॉन्फरन्स हे वेगळंच जग आहे. पंचतारांकित हॉटेल, गळ्यात पट्टा, हातात बॅग, आणि हॉलबाहेर औषध कंपन्यांचे स्टॉल. आदल्या दिवशी सायंटिफिक प्रोग्रॅम मागून घ्या आणि बघा कुठलं सेशन आयोजकांचं आहे आणि कुठलं कंपनीच्या पैशाने आहे, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भाषणाच्या सुरुवातीला डॉक्टर एक डिस्क्लोजर स्लाइड दाखवतात, कुणाकुणाकडून मानधन घेतलं त्याची, आणि ती दोन सेकंदांत पुढे ढकलतात. मोबाइल तयार ठेवा, तिचा फोटो आधी. मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी कोडनंतर (औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची सरकारी आचारसंहिता) डॉक्टरांना कंपन्यांनी गिफ्ट द्यायला बंदी आहे, पण पत्रकाराच्या बॅगेबद्दल त्यात काही नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मी पेन-पॅड घेते, बाकी ठेवून येते, डिनरला थांबत नाही (जेवण फार चांगलं असतं हे मान्य).

मोठ्या हॉलपेक्षा पोस्टर हॉलमध्ये जास्त वेळ काढा. तिथे पीजीची (पदव्युत्तर शिकणारी) मुलं आपापल्या संशोधनाच्या पोस्टरजवळ उभी असतात, कुणी विचारायला आलं की त्यांना आनंद होतो आणि ती साध्या मराठीत समजावतात. धारणी, नंदुरबार, पालघर अशा आदिवासी भागांतलं खरंखुरं काम तिथेच सापडतं.

स्टेजवरचा टक्का जसाच्या तसा उचलू नका. एक चांगलं उदाहरण मुंबईचंच देते. टाटा मेमोरियलने वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांना शिकवून, साधं व्हिनेगरसारखं अॅसिटिक अॅसिड वापरून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करवली, आणि २०१३ मध्ये शिकागोच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत निकाल सांगितला की या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बरोबरच आहे. पण वाचकाला हेही सांगा की दर लाखामागे वर्षाला मृत्यू तपासणी न झालेल्या गटात १६.२ होते, तपासणी झालेल्या गटात ११.१. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे, दोन्ही दिले की माणसाला नीट कळतं. तिथे जवळजवळ फुकटात होणारी तपासणी होती म्हणून हा फायदा मोठाच आहे. तोच ३१ टक्के महागड्या गोळीच्या जाहिरातीत आला तर मात्र लाखामागचा आकडा मागितल्याशिवाय उठू नका. आणि नुसती शुगर कमी झाली, का हार्ट अटॅकही कमी झाले, हेही विचारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रायल भारतातली असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या) साइटवर नाव टाकून बघा, सुरुवातीला काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि आता स्टेजवर काय सांगतायत. कधी कधी मेळच लागत नाही.

वेलनेस एक्स्पोबद्दल थोडक्यात, डिटॉक्स आणि इम्युनिटीच्या स्टॉलवर वेळ घालवू नका, पण कुणी डायबेटिस किंवा कॅन्सर कायमचा बरा करतो अशी पाटी लावली असेल तर फोटो काढा, कारण १९५४ च्या जादुई उपचारांवरच्या कायद्यात अशी जाहिरातच चालत नाही.

फोटोंचं. मानसिक आजाराच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, २०१७ च्या कायद्यात स्पष्ट आहे. एचआयव्हीचंही तसंच. पण कायदा नसला तरी कुष्ठरोगाच्या शिबिरात हाताचा क्लोजअप कशाला हवा? पालकमंत्री चष्मे वाटतानाच्या फोटोत म्हातारीचा चेहरा येतो तेव्हाही तिला विचारा. तिला विचारलेलं आवडतं, ती पदर सारखा करते आणि मग फोटो चांगला येतो.

आता राहिली आशाताई. मोहिमेत नक्की काय चाललंय हे तिला सगळ्यात जास्त माहीत असतं, किती गोळ्या परत आल्या, मोबदला किती महिन्यांचा थकलाय, अॅप चालत नाही म्हणून रात्री घरी बसून माहिती कोण भरतं. ती सांगते, विश्वासाने सांगते. तिचं नाव तर छापायचं नाहीच, पण नाव बदललं आहे असं लिहून खाली गावाचं नाव टाकणारे महाभाग आहेत. छोट्या गावात आशा एकच असते. गाव लिहिलंत की दुसऱ्या दिवशी सकाळी गटप्रवर्तकाचा (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्याचा) फोन तिलाच जातो. त्यामुळे गाव नको, पीएचसीसुद्धा नको, फक्त तालुका लिहा, आणि छापायच्या आधी तिचं वाक्य तिला फोनवर वाचून दाखवा.