जर्मनमध्ये कुचाळक्या कशा कराव्यात

सुरुवात क्रियापदांपासून करा. माझ्या वर्गात बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, पास होऊन आलेल्या बहुतेकांना 'क्लाचटांटं' (कुचाळक्या करणारी बाई) हा शब्द आधीच पाठ असतो, कारण तो ऐकायला मजेशीर आहे. पण 'शेजाऱ्याने म्हणे नोकरी सोडली' एवढं साधं वाक्य सांगा म्हटलं की सगळे छताकडे बघतात. नावं ठेवायला शब्द आहेत, बातमी सांगायला वाक्य नाही!

'क्लाचेन' सगळ्यात सौम्य: कोणाचं काय चाललंय याच्या गप्पा. टाळ्या वाजवण्यालाही हेच क्रियापद आहे, पण पुढे 'युबर' (च्याबद्दल; एरवी 'च्या वर') आलं की टाळ्या नाहीत हे ओळखावं. 'ट्राचेन' थोडं कडवट. त्यात ऐकलेलं पुढे पोचवणं येतं. नुसतं तेवढंच म्हणायचं तर 'वाइटरट्राचेन'. 'लेस्टर्न'ला मात्र बातमी लागतच नाही. समोरचा खोलीबाहेर गेला की त्याच्या शर्टापासून हसण्यापर्यंत सगळ्याची चिरफाड, म्हणजे लेस्टर्न. तिन्हींबरोबर 'युबर' आणि डाटिफ (चतुर्थी) नव्हे, अक्कुझाटिफ (द्वितीया) विभक्ती: 'युबर डेन शेफ'. 'युबर डेम शेफ' म्हणालात तर तुम्ही साहेबांबद्दल नाही, साहेबांच्या डोक्यावर तरंगत बोलताय.

'पेत्सन' या रांगेत बसवू नका. ते बाईंकडे किंवा साहेबांकडे जाऊन नाव सांगणं, म्हणजे आपली चुगली. शाळकरी शब्द आहे, आणि 'पेत्सं' म्हणवून घेणं मोठ्यांनाही झोंबतं.

आता माणसं. क्लाचटांटं, ट्राचटांटं, जुन्या वळणाची क्लाचबाझं, धुणं धुणाऱ्या बायकांवरून आलेलं वाशवाइप: यादी बघा, सगळ्या बायका. मी वर्गात हे सांगते आणि पुरुष विद्यार्थी समाधानाने मान डोलावतात, म्हणून लगेच 'लेस्टरमाउल', म्हणजे निंदेखोर तोंड, शिकवते. तो नपुंसकलिंगी शब्द आहे, कोणालाही लागतो, आणि मित्रांत हसत म्हणता येतो. 'वाइप' हा शब्द आज बाईला तुच्छतेने म्हणतात, तेव्हा वाशवाइप ओळखा, वापरू नका. प्लाउडरटाशं आणि क्वासेलश्ट्रिपं हे निव्वळ बडबडे; त्यांच्या पोटात पाप नसतं. ऑफिसमध्ये व्यक्तीला नाव न ठेवता सगळा दोष 'फ्लूअरफुंक'वर, म्हणजे कॉरिडॉरच्या रेडिओवर, ढकलता येतो.

बायर्नमध्ये 'राचेन' ऐकलंत तर दचकू नका, तिथे निवांत गप्पांनाही तेच म्हणतात. उत्तरेकडचं 'श्नाकन' त्याहून निरुपद्रवी.

खरी चावी मात्र 'झॉलेन' या क्रियापदात आहे. पुस्तकात ते 'पाहिजे' म्हणून येतं आणि बहुतेकांचं तिथेच अडतं. 'डेअर नाखबार झॉल गेक्युंडिश्ट हाबेन.' शेजाऱ्याने म्हणे राजीनामा दिला. झॉल म्हणजे आपलं 'म्हणे': मी पाहिलेलं नाही, लोक सांगतात. भूतकाळातली गोष्ट असेल तर शेवटी 'हाबेन' किंवा 'झाइन' येतं. कोणतं, ते त्या क्रियापदाच्या पर्फेक्टवरून, म्हणजे बोलण्यातल्या भूतकाळी रूपावरून: 'झी झॉल आउसगेत्सोगेन झाइन', ती म्हणे घर सोडून गेली.

याची जुळी बहीण 'वॉलेन' जास्त विखारी. 'एअर विल निश्ट्स गेझेएन हाबेन.' त्याने म्हणे काहीच पाहिलं नाही. मराठीत दोन्हीकडे 'म्हणे' चालतं. जर्मनमध्ये झॉलेन म्हणजे लोक त्याच्याबद्दल सांगतात, आणि वॉलेन म्हणजे तो स्वतःबद्दल सांगतो, आणि आपला त्यावर फारसा विश्वास नाही. ही दोन वाक्यं आलटून-पालटून वापरा, बाकीचे शब्द आपोआप जागेवर पडतील.

फक्त झॉलेनला ढाल समजू नका. जर्मन दंडसंहितेच्या कलम 186 मध्ये 'युब्लं नाखरेडं' आहे. एखाद्याची बेअब्रू करणारी गोष्ट सांगितली किंवा पसरवली आणि ती खरी असल्याचं सिद्ध झालं नाही, तर दंड किंवा 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पसरवणंही त्यात आलं, म्हणजे 'मी फक्त ऐकलेलं सांगितलं' ही सबब तोकडी पडते. खोटं आहे हे माहीत असून बोललात तर कलम 187, 'फेअरलॉइमडुंग', 2 वर्षांपर्यंत. दोन्हींत जाहीरपणे केलं तर शिक्षा आणखी वाढते.

ऐकणाऱ्याचं काम सोपं. बातमी चालू ठेवायची असेल तर 'एष्ट?' किंवा 'आख वास!' एवढं पुरतं. दोन्हींत 'काय सांगता!' आहे आणि तुमचं मत काहीच नाही. सुटायचं असेल तर 'डास गेट मिश निश्ट्स आन', माझा काय संबंध, पण हे वाक्य कोरडं पडतं. मी त्याऐवजी घड्याळाकडे बघून 'इश मुस लोस', मला निघायला हवं, म्हणते.