पीएफमधला बायकोचा (किंवा नवऱ्याचा) वाटा कसा सांभाळायचा

लग्न झालं की बँकेत जॉइंट अकाउंट होतं, रेशनकार्डावर नाव चढतं, पीएफ मात्र आहे तिथेच राहतो, कारण ते पैसे म्हातारपणीचे, बघू सावकाश. आणि नॉमिनी म्हणून नोकरी लागली त्या दिवशी एचआरने भरून घेतलेलं नाव तसंच पडून असतं.

पहिलं काम, लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने भरा. यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) टाकून पीएफच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करा, मॅनेजमध्ये ई-नॉमिनेशन आहे. प्रोफाइलला फोटो नसेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून आधी तो चढवा. मग फॅमिलीची माहिती, आधार नंबर, कोणाला किती टक्के. आईवडील अवलंबून असतील तर त्यांनाही हिस्सा देता येतो, बेरीज 100 झाली पाहिजे एवढंच. शेवटी ई-साइन (ऑनलाइन सही), त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि बरेच जण नेमके इथेच थांबतात, सगळं भरून झालं म्हणून खूश, पण साइन नाही म्हणजे काहीच झालेलं नाही. पीडीएफ डाउनलोड करून बायकोला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. एनपीएस, पीपीएफ, ग्रॅच्युइटी यांचं नॉमिनेशन वेगळं असतं, पीएफचं भरलं म्हणून ते आपोआप बदलत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नाही हेही लक्षात ठेवा. 2009 साली सुप्रीम कोर्टासमोर अशीच केस होती, नॉमिनी आई, लग्नाआधी नाव लावलेलं, मुलगा गेला, आणि सासू-सुनेचं भांडण कोर्टात. कोर्टाने सांगितलं की नॉमिनीने पैसे फक्त घ्यायचे, वाटणी वारसाहक्काने, म्हणून दोघींना निम्मे-निम्मे. म्हणजे नाव नसलं तरी बायकोचा हक्क जात नाही, पण तो मिळवायला वर्षं जातात आणि वकिलाची फी वेगळी.

आता घटस्फोट. आपल्याकडे पीएफचे आपोआप दोन भाग होत नाहीत, ‘अर्धा पीएफ माझाच’ हे ऐकीव आहे. (गोव्यात गोष्ट वेगळी, तिथे लग्नाआधी करार केला नसेल तर साधारणपणे मालमत्ता दोघांची मिळून धरतात.) पण पोटगी ठरवताना पीएफ लपवताही येत नाही. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. समोरच्याने पीएफ दाखवला नसेल तर वकिलाला सांगून पासबुक मागवा. त्यात तीन रकाने असतात, आपला, कंपनीचा आणि पेन्शनचा, त्यातला पेन्शनचा हिशोबात शिल्लक म्हणून धरू नका, तो वेगळ्या फंडात जातो.

घटस्फोट म्युच्युअलने, म्हणजे दोघांच्या संमतीने घेताय तर कन्सेंट टर्म्समध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये) ‘पीएफचा अर्धा भाग’ असलं मोघम लिहूच नका. खात्यात पडलेला पीएफ कायद्याने जप्त होत नाही, त्यामुळे नुसत्या आश्वासनावर नंतर वसुली करणं महाकठीण. रुपयात आकडा, तारीख, आणि डीडी सेकंड मोशनच्या (संमतीच्या घटस्फोटातल्या दुसऱ्या, शेवटच्या टप्प्याच्या) आधी कोर्टात जमा, असं लिहून घ्या.

आणि घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा हुकूम) हातात आली की नॉमिनेशन त्याच आठवड्यात बदला, दोघांनीही.