सिलिकॉनवर चांदीचं अँटीबॅक्टेरियल कोटिंग, लॅबमध्ये कसं करायचं

सिलिकॉन रबरला सहसा काही चिकटत नाही, म्हणून आधी पॉलिडोपामिन या चिकट पॉलिमरचा थर द्यायचा, ही पद्धत २००७ पासून प्रसिद्ध आहे. तुकडे इथेनॉलने धुवून वाळवा. १० मिलिमोलार ट्रिस बफर, पीएच ८.५, त्यात मिलीलिटरला २ मिलिग्राम डोपामिन हायड्रोक्लोराइड टाका आणि तुकडे उभे टांगा, आडवे ठेवले तर वरून गाळ बसतो. भांडं उघडं ठेवून ढवळत राहा कारण ऑक्सिजन लागतोच, पाणी आधी गुलाबीसर मग तपकिरी आणि शेवटी काळं होतं, २४ तास जाऊ द्या.

आता धुणं, आणि इथे प्लीज घाई नको! डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यानेच धुवा, सलाइन किंवा पीबीएस (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) अजिबात नाही, क्लोराइड राहिलं की सिल्व्हर नायट्रेटमध्ये पांढरा गढूळपणा येतो आणि चांदी पृष्ठभागावर बसण्याऐवजी सिल्व्हर क्लोराइड होऊन वाया जाते. मग तुकडे सिल्व्हर नायट्रेटमध्ये, अंधारात, ग्लोव्हज घालून. चांदीचे कण थरावर आपोआप तयार होतात.

स्टॅफ ऑरियस या जिवाणूवर टेस्ट कराच, पण पेशींना अपाय होतो का हे पाहणारी आयएसओ १०९९३-५ टेस्टही तितकीच महत्त्वाची, जिवंत पेशी ३० टक्क्यांहून जास्त घटल्या तर चांदी कमी करा. हे फक्त संशोधनासाठी, पेशंटसाठी नाही.