डीएनएवर धातू बसत नाही? आधी बफरची बाटली बघा

जानेवारी लागला की पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सी प्रोजेक्टची मुलं येतात आणि महिन्याभरात तक्रार सुरू होते, "मॅडम, बाइंडिंग होतच नाहीये," म्हणजे धातू डीएनएला चिकटत नाहीये. संशय लगेच महागड्या डीएनएवर. पण तो बहुतेक वेळा ठीक असतो. त्याच्याआधी दुसऱ्याच कोणीतरी धातू पकडलेला असतो.

पहिली चूक सवयीची. सुका डीएनए आला की टीई बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या नेहमीच्या द्रावणात, विरघळवायचा. त्यात 1 मिलिमोलर ईडीटीए असतं, म्हणजे धातूचे आयन घट्ट पकडणारं रसायन. तुमचं कॅडमियम मायक्रोमोलर (मिलिमोलरच्या हजारावा भाग) असेल तर ते सगळं ईडीटीएच गिळतं. न्यूक्लिएज-फ्री (डीएनए तोडणारी विकरं नसलेलं) पाणी वापरा. टीईत आधीच टाकला असेल, तर डिसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) काढून घ्या.

चांदीचं दुखणं वेगळं. डीएनएतल्या सायटोसिन या घटकाच्या (बेसच्या) दोन रेणूंमध्ये चांदीचा आयन छान बसतो, म्हणून आम्ही उत्साहाने सुरुवात केली. बफरमध्ये नेहमीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड होतं. नळी पांढरट गढूळ झाली आणि डीएनएचा गठ्ठा समजून आम्ही तीन दिवस सेंट्रिफ्यूज करत बसलो. खिडकीशी राहिलेली एक नळी संध्याकाळी जांभळट-करडी दिसली, तेव्हा उलगडलं: ते उजेडात काळवंडणारं सिल्व्हर क्लोराइड होतं. तेव्हापासून चांदीसाठी सोडियम नायट्रेट. पीएच जुळवताना हायड्रोक्लोरिक आम्लही नको, त्यातूनही क्लोराइड येतंच.

कॅडमियम टेल्युराइडसारख्या अर्धवाहक नॅनोकणांसाठी फॉस्फोरोथायोएट डीएनए घेतात. त्यात फॉस्फेटच्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक असतं आणि गंधकाला कॅडमियम, पारा, चांदी असे धातू आवडतात. मॅग्नेशियमला मात्र ऑक्सिजनच हवा. त्याच्यावर चाचणी घेऊन "गंधक काम करत नाही" असा निष्कर्ष काढू नका. एकाच गंधकावर भिस्त ठेवली तर पकड सैल राहते. एका टोकाला सलग काही गंधकं ठेवा, उरलेला धागा साधा राहू द्या, म्हणजे तो जोडीदार धाग्याशी जुळायला मोकळा राहील.

थायॉल डीएनए (टोकाला गंधक-हायड्रोजनचा गट असलेला) असेल तर त्याच्यासोबत वापरलेलं डीटीटी हे गंधकयुक्त रसायन पूर्ण काढा, नाहीतर तेच कणावर जाऊन बसतं. आणि मीठ थोडंथोडं वाढवा. एकदम ओतलं की कण गोळा होतात.

शेवटी मोजमाप. कणांसकट 260 नॅनोमीटरला (डीएनए मोजायच्या तरंगलांबीला) वाचन घेऊ नका, कण स्वतःच तिथे भरपूर प्रकाश शोषतात. कण खाली बसवून वरच्या द्रावात किती डीएनए उरला ते मोजा, आणि शेजारी त्याच क्रमाचा, गंधक नसलेला डीएनए चालवा.