डर्बीआधी तरुण घोडे जोखताना: या चुका टाळा

2023 च्या मे महिन्यात माझ्या वहीतल्या एका नावावर मी लाल रेघ मारली. ऑगस्त रोदँ. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या 2000 गिनीज शर्यतीत तो फेव्हरिट म्हणून (ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा तो) उतरला आणि बारावा आला. चारच आठवड्यांनी त्याच घोड्याने इंग्लंडमधलीच एप्समची डर्बी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार. सिटी ऑफ ट्रॉय दोन वर्षांचा असताना एकही शर्यत हरला नव्हता. गिनीजमध्ये सगळ्यांची नजर त्याच्यावर होती, आणि आला नववा. महिनाभरात डर्बी त्याच्या नावावर! त्या खेपेला मी रेघ मारली नाही, एवढीच काय ती प्रगती.

गिनीज ही 1609 मीटरची सरळ धाव. एप्समची डर्बी साधारण 2400 मीटरची. सुरुवातीलाच दमवणारा चढ, मग उतार, उतारावरच टॅटनम कॉर्नरचं डावं वळण आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात आतल्या कठड्याकडे कललेली जमीन. दोन्ही शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांच्या, दोन्ही क्लासिक म्हणजे सगळ्यात मानाच्या, पण घोड्याकडून मागतात ते अगदी वेगळं. आपल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. घोडा जिंकला की हरला एवढं आपण टिपतो. त्या शर्यतीने त्याच्याकडून काय मागितलं, हे टिपत नाही. (पैसे लावायचे की नाही हा वेगळा विषय. इथे तो नाही.)

पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण शर्यतीच्या घोड्यांना लावायला गेलं की फसगत होते. नोव्हेंबर 1991 मध्ये अराझीने अमेरिकेतली ब्रीडर्स कप जुव्हेनाइल ही दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत अशी जिंकली की पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मागून येऊन एकेका घोड्याला वळसे घालत तो पुढे निघाला आणि सहज जिंकला. सहा महिन्यांनी त्याच चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर केंटकी डर्बीत, म्हणजे अमेरिकेच्या डर्बीत, तो आठवा आला. मधल्या काळात त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि डर्बीच्या आधी त्या वसंतात तो फक्त एक शर्यत धावला होता. हे सगळं जगजाहीर होतं. तरी फेव्हरिट तोच, कारण नोव्हेंबरातलं ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

ब्रीडर्स कप 1984 मध्ये सुरू झाला. त्यातली जुव्हेनाइल जिंकून पुढच्या वर्षी केंटकी डर्बीही जिंकणारा पहिला घोडा स्ट्रीट सेन्स, तोही थेट 2007 मध्ये. त्यानंतर 2016 मध्ये नायक्विस्ट. उलट बाजूही पाहा. दोन वर्षांचा असताना एकही शर्यत न धावलेला अपोलो 1882 मध्ये केंटकी डर्बी जिंकला, आणि पुढे 2018 च्या जस्टिफायपर्यंत तसं कोणालाच जमलं नाही. पण मग 2023 मध्ये मेजने लगेच तेच केलं. म्हणजे ‘लहानपणी चमकला म्हणून घ्या’ हा नियम पक्का नाही, आणि ‘लहानपणी धावलाच नाही म्हणून सोडा’ हाही नाही.

दोन वर्षांच्या घोड्याने 1200 किंवा 1400 मीटर जिंकले, तर तो लवकर भरला एवढंच कळतं. हाडं, स्नायू, स्वभाव लवकर तयार झाले. बाकीचे हिवाळ्यात त्याला गाठतील की नाही, हा निकाल अजून लागायचा असतो. म्हणून वसंतातली पहिली धाव पाहताना मी एकच गोष्ट बघतो: मागच्या हंगामात ज्यांना त्याने सहज हरवलं, ते आता त्याच्या किती जवळ आलेत?

कागदावरचं वय

उत्तर गोलार्धातले सगळे थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) 1 जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात, मग शिंगरू जानेवारीत जन्मलेलं असो वा मे महिन्यात. दक्षिण गोलार्धात बऱ्याच ठिकाणी हीच तारीख 1 ऑगस्ट. त्यामुळे एकाच शर्यतीत दोन ‘तीन वर्षांचे’ घोडे असतात आणि त्यांच्यात चार-साडेचार महिन्यांचा फरक असू शकतो. या वयात तो फार मोठा.

नॉर्दर्न डान्सरचा जन्म 27 मे 1961 चा. 2 मे 1964 ला त्याने केंटकी डर्बी दोन मिनिटांत जिंकली, तो तेव्हाचा विक्रम होता. खरं पाहिलं तर तो त्या दिवशी तीन वर्षांचा झालाही नव्हता. अंगानेही ठेंगणा, लहानपणी विक्रीला काढला तेव्हा 25,000 डॉलर द्यायलाही कोणी पुढे आलं नव्हतं. म्हणून घोड्याची जन्मतारीख शोधून पाहा. मेमध्ये जन्मलेला घोडा दर धावेला थोडाथोडा सुधारताना दिसत असेल, तर त्याला यादीतून काढायची घाई करू नका.

बाप डर्बी विजेता, म्हणून मुलगाही?

ही चूक शिकल्यासवरलेल्यांची. वंशावळ वाचता यायला लागली की माणसाला वाटतं, किल्ली सापडली.

डॉन अप्रोचचा बाप न्यू अप्रोच 2008 चा डर्बी विजेता. मुलगा एकही पराभव न पाहता 2013 ची गिनीज पाच लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला. आता डर्बीत आणखी काय हवं? पण एप्समला तो सुरुवातीपासून लगामाशी भांडत राहिला. जॉकी आवरतोय, घोडा ओढतोय. अर्ध्या वाटेतच दम संपला आणि तो सगळ्यांच्या मागे, शेवटचा आला. गंमत म्हणजे बापही असाच ओढायचा, पण त्याचं निभावलं. आणि डर्बीनंतर तीन आठवडे व्हायच्या आत हाच डॉन अप्रोच रॉयल अ‍ॅस्कॉटला पुन्हा साधारण 1600 मीटर पळाला आणि सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स जिंकला. घोडा संपला नव्हता. पल्ला त्याचा नव्हता.

पल्ल्याचा संबंध स्नायूंच्या घडणीशी असतो. थरोब्रेडमध्ये मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचे प्रकार आखूड आणि लांब पल्ल्याशी जोडलेले आहेत, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. या जनुकाची एक प्रत बापाकडून येते, एक आईकडून. म्हणून फक्त बापाचं नाव वाचणारा अर्धंच पान वाचतो. आईची इतर पिल्लं किती पल्ल्याला जिंकली, हे शोधायला थोडा वेळ लागतो, पण तो वाया जात नाही.

कागदापेक्षाही शर्यतीचे शेवटचे 400 मीटर जास्त सांगतात. 1600 मीटरच्या शेवटी जॉकीने लगाम सैल सोडल्यावरही घोडा लयीत पळत राहतो का? की पाय लडबडतात, मान वर येते? आणि पहिल्या 600 मीटरमध्ये तो शांत असतो का? लांब पल्ल्यात दम वाचवणं हे दम असण्याइतकंच महत्त्वाचं, आणि हट्टी घोड्याला ते जमत नाही.

वेग कोणी लावला, हे न पाहणं

माझ्या मते हीच सगळ्यात महागडी चूक, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी.

2022 च्या केंटकी डर्बीत पहिले 400 मीटर 21.78 सेकंदांत गेले. त्या शर्यतीच्या इतिहासात इतकी वेगवान सुरुवात कधीच झाली नव्हती. पुढे पळणारे एकेक करून ढेपाळले, आणि पार मागे असलेला रिच स्ट्राइक आत-बाहेर वाट काढत 80 ला 1 च्या भावाने, म्हणजे एका रुपयाला ऐंशी मिळतील अशा भावाने, जिंकला. त्यानंतर त्याने एकही शर्यत जिंकली नाही. त्या दिवशी तो खोटा नव्हता, पण शर्यतीचा साचा त्याच्यासाठीच बनला होता.

2020 च्या एप्सम डर्बीत बरोबर उलटं घडलं. आठवडाभर आधीच आयुष्यातला पहिला विजय मिळवलेला सर्पंटाइन एकटाच पुढे निघून गेला. बाकीचे जॉकी एकमेकांकडे बघत राहिले, हा परत येईलच या हिशेबात. तो आलाच नाही. साडेपाच लेंग्थने जिंकला, भाव 25 ला 1.

आता या दोन निकालांच्या फक्त क्रमवाऱ्या वाचून पुढच्या शर्यतीची यादी करा बरं! पूर्वतयारीच्या शर्यतींतही हेच होतं, फक्त लहान प्रमाणात. पाच घोड्यांची शर्यत, कोणालाच पुढे जायचं नाही, रमतगमत 1400 मीटर जातात आणि शेवटी 400 मीटरची झटापट. तिथे जिंकणारा चपळ असतो. दमाचा आहे का, हे कळतच नाही. म्हणून एकूण वेळेच्या जोडीला टप्प्याटप्प्याची वेळ पाहावी. सेक्रेटेरियटने 1973 ची केंटकी डर्बी 1 मिनिट 59.4 सेकंदांत जिंकली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या धावेतला प्रत्येक 400 मीटरचा टप्पा आधीच्या टप्प्यापेक्षा जलद होता, पाचव्या टप्प्यापर्यंत. तो घोडा काय चीज होता, ते यातून कळतं.

हे पाहायला सुरुवात केली की वेगळीच नावं वर येतात. भरधाव सुरुवात झाली तरी पुढे राहून दुसरा-तिसरा टिकलेला घोडा, किंवा संथ शर्यतीत मागे अडकूनही शेवटी सगळ्यात जलद आलेला. 1986 मध्ये डान्सिंग ब्रेव्ह एप्सम डर्बीत फार मागे राहिला आणि अर्ध्या लेंग्थने हरला. त्याच वर्षी पुढे त्याने पॅरिसची आर्क ही मानाची शर्यत जिंकली.

घोडा हरला. आता काय तपासायचं?

सेक्रेटेरियट केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला होता. तोंडात गळू झालं होतं. लगामाची कडी तिथेच लागायची. तेव्हाही लोक म्हणाले, पल्ला झेपत नाही. पुढे बेलमाँट स्टेक्स शर्यत हाच 31 लेंग्थने जिंकला.

म्हणून पराभवानंतर ‘लायकी नाही’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी पशुवैद्यकाचा अहवाल: लंगडत होता का, फुप्फुसातून रक्त आलं का (रेसकोर्सवर अशा घोड्याला ब्लीडर म्हणतात), श्वासाचा घरघर आवाज होता का, नाल निघाली का. रक्त एकदा येणं आणि वारंवार येणं यांत फरक करा. मग जमीन. कोरड्या, टणक जमिनीवर उसळत पळणारा घोडा पावसाने मऊ झालेल्या मातीत अर्धा होतो, आणि काहींचं नेमकं उलट असतं. मग गेट (सुरुवातीला मिळालेली जागा) आणि वाट: बाहेरून किती वळसा पडला, आत किती वेळ कोंडला. एक लेंग्थ म्हणजे साधारण अडीच मीटर. वळणावर बाहेरच्या बाजूने पळताना असे कितीतरी मीटर नुसते वाया जातात.

नुसत्या अंतरावरही जाऊ नका. जिंकण्याची आशा संपली की समजूतदार जॉकी घोड्याला ताणत नाही, तसाच सोडून देतो. मग पाच लेंग्थचा पराभव कागदावर अठरा लेंग्थचा होतो. रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या 200 मीटरला जॉकीचे हात हलताहेत की थांबलेत, एवढं बघितलं तरी पुरतं.

सामानात बदल झाला होता का, हेही बघा. पहिल्यांदा ब्लिंकर्स म्हणजे झापडं लावली की काही घोडे लक्ष देऊन पळतात, काही घाबरून उधळतात. जीभ बांधली होती का (श्वास मोकळा राहावा म्हणून काही घोड्यांची बांधतात)? दोन धावांत किती दिवस गेले? लांब प्रवास झाला का? या सगळ्यात काहीच सापडलं नाही, घोडा निवांत पळाला, वाट मोकळी होती, जमीन आवडीची होती, आणि तरी हरला, तर मात्र लाल रेघ मारा. कारण सापडेपर्यंत शोधत बसणं हीसुद्धा एक चूकच, आणि आवडत्या घोड्याच्या बाबतीत ती आपण हमखास करतो.

जिंकलेल्यालाही हीच चाळणी लावा. त्याच्या मागे कोण होते, आणि त्या शर्यतीनंतर त्यांनी काय केलं? मागचे पाच घोडे पुढे कुठेच जिंकले नसतील, तर त्या आठ लेंग्थच्या विजयाचं फार कौतुक करू नये.

किंमत, गॅलप आणि पॅडॉक

द ग्रीन मंकीने 2006 मध्ये विक्रीच्या आधी एक फर्लांग (साधारण 200 मीटर) 9.8 सेकंदांत पळून दाखवला आणि त्याला 1 कोटी 60 लाख डॉलरची बोली लागली. तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही. याउलट कॅलिफोर्निया क्रोमची आई 8,000 डॉलरला घेतलेली. तो 2014 चा केंटकी डर्बी विजेता. किंमत ठरते त्या दिवशी घोड्याने काहीच केलेलं नसतं. सकाळच्या गॅलपच्या, म्हणजे सरावधावेच्या, वेळा वाचताना, पाठीवर किती वजन होतं आणि घोडा ताणला होता की सैल पळत होता, हे कळत नसेल तर आकडा सोडून द्या.

पॅडॉकमधला (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेतला) घाम हा असाच फसवा. उकाड्यात सगळेच घामेजतात. एकटाच फेसाळलेला, मागच्या पायांमध्ये पांढरा फेस, शेपटी सारखी फटकारणारा, सांभाळणाऱ्याला ओढत नेणारा दिसला, तर 2400 मीटरसाठी ते चांगलं नाही. पण तो नेहमीच तसा असेल, तर त्यात नवीन काही नाही. त्यासाठी आधीच्या शर्यतीतला पॅडॉकही पाहिलेला हवा.

यादी कधी बंद करायची

मी आता गेट जाहीर झाल्यानंतरच शेवटची यादी लिहितो, आणि निकालाआधीच लिहितो. नाहीतर वरातीमागून घोडं. प्रत्येक नावापुढे एकच ओळ: या घोड्याला अजून काय सिद्ध करायचं आहे. पल्ला, उतार, गर्दी, मऊ जमीन, जे असेल ते. ओळ लिहिता आली नाही, तर तो घोडा मी नीट पाहिलेलाच नाही असं समजतो.

राखीव नावंही वाचतो. केंटकीत वीसच घोडे धावतात आणि रिच स्ट्राइक त्या विसांत नव्हता. डर्बीच्या आदल्या दिवशी सकाळी एक घोडा मागे घेतला गेला, म्हणून त्याला जागा मिळाली.