भिंतीला हळद-गेरूच्या मधला रंग देताना

हळद आणि गेरू यांच्या मधला, परतलेल्या मसाल्यासारखा रंग बैठकीच्या खोलीला द्यायचा असेल, तर तो एकाच भिंतीला द्यावा. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा चारही बाजूंनी तापल्यासारखा दिसणारा रंग डोळ्यांना नकोसा होतो. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन जिच्यावर पडते ती भिंत टाळावी, कारण दुपारनंतर तिथे हा रंग भडक नारिंगी दिसू लागतो. शेडकार्डाच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नये. रंगाचा लहान डबा आणून दोन फूट लांब-रुंद चौकोन दोन हात देऊन रंगवावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहावा. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) पांढऱ्या एलईडीखाली हाच रंग हिरवट, मळकट वाटतो; त्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे दिवे बरे. छत आणि उरलेल्या भिंती साईच्या रंगाच्या ठेवाव्यात. चकचकीत फिनिशमध्ये गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, म्हणून मॅट इमल्शनच घ्यावे. जुन्या सागवानी चौकटीवर मात्र (रंगारी कितीही आग्रह करो) ऑइलपेंट चढवू नये, कारण या रंगाशेजारी उघडे लाकूडच शोभते.